प्रश्न चौदावा

मातोझिन्युश. बंदरामागची गल्ली,
दोना एतेल्विनांचं दुसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर.
माझ्या मांडीवर विद्यापीठाचा फॉर्म,
पेन्सिलीला नुकतंच टोक काढलेलं.

प्रश्न चौदावा: स्वतःच्या आयुष्यावर तुमचा ताबा किती?
एक ते पाच. एका आकड्याला गोल करा.

"भोंग्याआधी की भोंग्यानंतर?" त्यांनी विचारलं.

या गल्लीला तेव्हा सार्डिनचे तीन कारखाने.
एकाचा भोंगा घोगरा, एकाचा मध्येच तुटणारा,
तिसऱ्याचा लांबलचक, हेल काढून रडल्यासारखा.
बोट रात्री-अपरात्री कधीही लागायची,
मासळीला कुठला आलाय धीर.
घोगरा वाजला की घोगऱ्याच्याच बायका उठत;
भिंतीपलीकडची, दुसऱ्या भोंग्याची,
कूससुद्धा बदलत नसे.
"आता तूच सांग, झोपेत कान कुणाचे असतात?"

लग्नानंतर त्या सासूच्या कारखान्यात लागल्या.
नवऱ्याचं आडनाव आठवड्यात अंगवळणी पडलं,
नव्या भोंग्याला महिना लागला.
त्या महिन्यात दोनदा, जुन्याच हाकेला,
लाकडी तळव्यांचे जोडे घालून
अंधारात जिना उतरून गेल्या होत्या.
सांगताना हसल्या.
मग एप्रनला तोंड पुसलं, हसूही पुसलं गेलं.

मी आकडा मागितला.
त्यांनी हात पुढे केले.
लहानसे. नखांच्या कडा मिठानं खाल्लेल्या.

"असे हात देव डबे भरायलाच देतो.
आई म्हणायची. मुकादम म्हणायचा. पाद्रीबाबा म्हणायचे.
तिघं एकच सांगतायत म्हटल्यावर
मी कशाला चौथं तोंड उघडू?
एका नाताळात मालकाची मुलगी आली, मिठाई वाटायला.
तिनं हातमोजे काढले.
माझ्या हातावर ठेवला असता ना तिचा हात,
तर बोटाला बोट जुळलं असतं.
ती पियानो शिकत होती."

कॉफी उतू गेली. कुणी उठलं नाही.

माझ्या वहीत याला एक लांबलचक शब्द आहे,
परीक्षेत मी तो काना-मात्रा न चुकता लिहिला होता.
ओठांपर्यंत आला. तसाच गिळला.

चौदाव्यापुढची जागा कोरी सोडून
मी पान उलटणार,
तेवढ्यात त्यांनी माझंच मनगट धरलं,
तळवा खिडकीच्या उजेडाकडे वळवला,
बाजारात शेंगा चाचपाव्यात तशी बोटं चाचपली.

"आणि हे कशासाठी आहेत,
असं सांगितलं होतं तुला?"