पेव

हरिपूरच्या रस्त्याला, संगमाच्या अलीकडं,
जमिनीला तोंडं होती.
एक माणूस जेमतेम आत जाईल एवढी,
पोटं मात्र खोलीएवढी.
त्यात हळद झोपायची, वर्ष वर्ष,
वर शेणमातीचं लिंपण.

पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा.
ते काम माझं. नऊ वर्षांचा होतो.
दस्तगीरचाचा म्हणायचे,
"वात इझली तर श्वास कोंडलाय तिचा.
घटकाभर दम धरायचा. घाई न्हाई करायची."
वात तेवत राहिली की कमरेला दोर बांधून
ते उतरायचे,
आणि खालून त्यांचा आवाज यायचा,
त्यांच्यापेक्षा म्हातारा.

नवं पेव खणताना मी काठावर बसून
पाटीतून वर येणारी माती बघायचो.
आधी काळी, गाळाची, बोटांना न सोडणारी.
मग चार बोटं वाळू.
मग पांढरी : राख, खापर, कसलंसं हाड,
एकदा हिरव्या बांगडीची वेलांटीएवढी काच.
परत वाळू. परत राख.
"वाळू म्हंजे पूर आल्ता,
राख म्हंजे माणूस परत आल्ता."
शाळेत सनावळ्या होत्या इतिहासाला.
मला एवढाच पाठ झाला :
वाळू, राख, वाळू, राख.

दुपारी चिंचेखाली भाकरी सोडली की
वाद ठरलेला. पृथ्वी टेकलीय कशावर?
चाचा म्हणायचे, बैलाच्या शिंगावर,
बैल माशावर, मासा पाण्यात.
आदगोंडाअण्णा, पेवाचे मालक,
उपास असला तरी वादाला हजर :
घनोदधीवर. घट्ट पाण्याचं वलय,
त्याखाली घट्ट वारा, त्याखाली पातळ.
गोपा अंबी नावेतनं उतरून यायचा, बिडी चुरडायचा,
"कासवावर. उन्हाळ्यात डोहात पाठ उघडी पडती त्याची.
म्या बघितलीया."
बैल, वलय, कासव.
पाणी खाली आहे, यावर मात्र
तिघांचं कधी भांडण झालं नाही.

एक मायाप्पा होता, आटपाडीकडचा, पोती उचलायला आलेला.
कधी बोलायचा नाही.
एकदा म्हणाला, "आमच्याकडं शंभर हात खणलं.
खाली दगड हाय.
नुसता दगड."
त्या दिवशी कुणी हसलं नाही.
अण्णांनी आपल्या तांब्यातलं पाणी त्याच्यापुढं सरकवलं.

पाच सालच्या पुरात रस्त्यावर पाणी आलं ते सगळ्यांनी पाहिलं.
पेवांत ते आधीच आलं असणार, खालून.
रात्रभर तोंडं बुडबुडत होती,
बोलता बोलता ठसका लागावा तशी.
सकाळी पाण्यावर पिवळा तवंग,
आणि गावभर वास, लग्नघरासारखा.
चाचा माळावरच्या शाळेत कंदील मांडीवर घेऊन बसले होते,
न पेटवलेला.

पाणी उतरायला लागलं तशी गोपाची बायको, तानूबाई,
ओटी भरायला घाटाच्या वरच्या पायरीवर आली.
खण, नारळ, तांदूळ.
हळदीची पुडी सोडली आणि थांबली.
एवढी नेलीन् बाईनं,
हिला आता चिमूटभर काय वाहायची?
मग वाहिलीच.

परवा तिथं जेसीबी लागला होता. अपार्टमेंट होतंय.
मी कडेला उभा.
कापलेल्या भिंतीत काळी दिसली, वाळू दिसली,
आणि वाळूखाली वीतभर पिवळं, विटलेलं.
हा आमचा थर.
पुढं कधी कुणी खणेल,
त्याला काय वाटायचं ते वाटो.

ड्रायव्हर खाली उतरायला निघाला.
"थांब जरा," मी म्हटलं, "आधी कंदील सोडू."
"उघडंच हाय की काका, हवा कुठं कोंडतीय!"
गेला उतरून.
मी मोबाइलचा दिवा लावून वाकून बघितलं.
तळाला ओल होती.