उशिरा मिटणारी झडप

लापुआत डिसेंबरमध्ये तीनलाच अंधारतं.
केर्त्तूच्या गॅरेजात एकच दिवा, त्याखाली
चार सिलिंडरचं हेड उताणं,
आणि तिची करंगळी पोर्टमध्ये, दुसऱ्या पेरापर्यंत.
डोळे मिटून म्हणते : इथे अडखळते हवा.

मला वाटलं, आरशासारखं घासायचं असेल.
"आरसा कशाला? हवेला तोंड बघायचंय?"
ग्राइंडर काढून घेतला हातातून.
गुळगुळीत भिंतीवरून पेट्रोल ओघळतं,
जराशी खरबरीत त्याला परत हवेत झटकते.

मग हिशेब, फिल्टरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर :
जागा पाचशेची,
आत येते सव्वाचारशे.
उरलेली कुठे जाते?
"जात नाही रे. येतच नाही.
दार अरुंद, वाटेत वळण, भिंती तापलेल्या,
आणि आधीच्या फेरीचा धूर
कोपऱ्यात ठाण मांडून.
पिस्टन कितीही वर गेला तरी
तेवढी फट राहतेच. फटीत तो."

कॅमशाफ्ट बसवताना मी चूक पकडली :
पिस्टन तळाला टेकून परत वर निघाला,
तरी झडप उघडीच!
केर्त्तू हसली नाही. चाक उलटं फिरवून
पुन्हा दाखवलं, सावकाश.
"निघालेल्या हवेला वजन असतं.
पिस्टननं पाठ फिरवली, हे तिला ठाऊक नसतं.
ती येत राहते.
वेळेवर दार लावलंस
तर भरायची खरी वेळ बाहेरच राहील."
किती उशीर चालतो?
"पन्नास अंश. साठ.
त्यापुढे आलेलीच बाहेर ढकलशील.
आणि जमतं ते एकाच वेगाला,
बाकी वेळ गाडी खोकणार. खोकू दे."

मी इथे आलो ऑक्टोबरात.
तिची जाहिरात ऑगस्टची होती.
हे तेव्हा बोललो नाही, बोल्ट आवळत राहिलो.

रविवारी तळ्याच्या बर्फावर शर्यत.
उणे अठरा, हवा दाट, श्वास घेतला की दात दुखतात.
मार्टीची जुनी व्होल्व्हो
पहिल्या वळणाला खोकली, दुसऱ्यालाही.
लोक हसले.
केर्त्तू ट्रॅककडे पाठ करून उभी,
थर्मासचं झाकण हातात, कॉफी ओतायची राहिलेली.
तिसरं वळण.
काटा सहा हजारांकडे चढत असणार.
"आता," ती म्हणाली,

आणि पाचशेच्या जागेत
पाचशेवीस मावली.