पाच नंबरचा टॅपेट

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
आमच्या शटरसमोर टेम्पो लागला
आणि सहा जणांनी मिळून जे उतरवलं
ते आधी मला मेलेलं जनावर वाटलं :
बारा सिलिंडर, सहा-सहाच्या दोन रांगा,
मधल्या घळीत खाडीचा वाळका चिखल,
चिखलात एक कालव, घट्ट मिटलेलं.

लढाई संपली तेव्हा कल्याणच्या छावणीत
विमानं वजनावर विकली म्हणे.
पंख भांडीवाल्यांनी नेले.
हे धूड घेतलं रेतीबंदरच्या हिराजी भोपीनं,
बार्जवर बसवलं, रेती उपसायला.
दोन महिने खाडी थरथरली.
मग पेट्रोलचा हिशेब बघून हिराजी म्हणाला,
"यो वाघ हाय रं, याला पोसाचा कसा?"
आणि वाघ गेला भेंडीच्या झाडाखाली.
पुढची पंच्याहत्तर वर्षं त्याच्यावर जाळी वाळली.

आता नातवाला परदेशी गिऱ्हाईक मिळालंय,
वाळवंटात जुनी विमानं पळवणारं.
इंजिन त्याला त्याच काळातलं हवं,
पण कालच बनवल्यासारखं,
आणि तिथल्यापेक्षा निम्म्या पैशात.

सॅम्सनकाका झिराडकर चष्मा कपाळावर सरकवतात,
बोटाच्या पेरानं सिलिंडर आतून चाचपतात,
वैद्य पोट दाबून बघतो तसं.
"गंज वरवरचा," म्हणतात. "आतला माणूस शाबूत आहे."

पाच महिने.
माझं काम मोजायचं. पास, नापास, शिक्का.
क्रँक डिझेलनं धुतला तेव्हा
जाळीवर उमटलं एक गोल, गोलात एकतीस.
"तपासणीचा शिक्का," काका म्हणाले,
"तुझ्याच जातीचं कुणीतरी.
तेव्हा पुरुष आघाडीवर होते,
कारखान्यात बायका."

तिनं मोजलं तिथेच मी मायक्रोमीटर लावला.
झीज एक थाऊ. फक्त एक.
बाईनं खोटं लिहिलं नव्हतं.
तिचेही पाय संध्याकाळी सुजत असतील.
हे कुणावर चालून गेलं, कोण पडलं,
ते मायक्रोमीटर सांगत नाही,
आणि मी काकांना विचारलं नाही.
एकतीसच्या शेजारी माझा सात मारला,
जरा तिरका गेला.

शुक्रवारी, एस्टेटच्या सुट्टीला, ते सुरू केलं.
काकांची घाई : दिवे लागायच्या आत,
शब्बाथ लागायच्या आत.
आधी खोकला, मग निळा धूर,
मग असा आवाज, की समोरच्या बिस्किट कारखान्याचा
वॉचमन खुर्चीसकट मागे सरकला.
खिडकीतलं कालव खाली पडून फुटलं. आत वाळू.
काकांनी हात वर केला, मी स्विच मारला.
नंतर किती तरी वेळ
आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलत होतो.

काल भोपीच्या नातवानं व्हिडिओ पाठवला :
पिवळं विमान, उघडं रान,
खांबाला घासून वळतंय, पुन्हा वळतंय.
चौथं आलं. नातवाला वाईट वाटलं.
काकांनी मोबाईल कानाला लावला,
बघितलं नाही, नुसतं ऐकलं. मग माझ्याकडे दिला.

"डावीकडचा पाच नंबर," मी म्हटलं,
"टॅपेट अजून बोलतोय."

"बोलू दे," काका म्हणाले
आणि लेथवर पुढचा जॉब चढवला,
कुठल्याशा डंपरचा पिस्टन.