पांढरं फडकं

सरकारी कागदावर मी कीटक समाहारक, कंत्राटी.
शेवंती गवस म्हणते, गोचडेवालो.

काम असं: मीटरभर पांढरं फ्लॅनेल,
एका कडेला बांबूची काठी, काठीला सुतळी,
आणि काजीच्या बागेतल्या वाळल्या पाचोळ्यावरून
ते ओढत न्यायचं, सावकाश,
झोपलेल्या पोरावर चादर ओढावी तसं.
दहा पावलं. थांबायचं. उलटायचं.
पांढऱ्यावर तीळ हलायला लागतात.
तीळ म्हणजे मोठे झाले. बरेचसे राजगिऱ्याएवढे,
आठ पायांचे, डोळे नसलेले,
आणि घाई कसलीच नाही.
पानाच्या कडेवर पुढचे पाय उचलून बसतात
एसटीला हात दाखवावा तसे.
कुणीही चालेल. गुरू, वानर, बोंडू वेचणारी बाई.

माघात वरच्या रानात वानर पडला.
वनखात्यानं जाळला, भोवती पावडर मारली, पन्नास मीटर.
पाचोळ्याला पन्नास मीटर कोण सांगणार?
अंग थंड पडलं की भाडेकरू
रात्रीच उतरून गेलेले असतात.

आरोग्य केंद्रानं तेलाच्या बाटल्या वाटल्या.
शेवंती कोपरापर्यंत लावायची, तळव्यांना नाही.
"बिये सटकतत हातातसून."

तिच्या बागेतले सतरा मी कुपीत भरले.
चिठ्ठी पेन्सिलीनं लिहिली, शाई बर्फाच्या पाण्यात पसरते:
गवस, काजू, सतरा.
कुपी पुण्याला गेली.
ती तापानं फणफणत बांबोळीला.
दोन्ही गाड्या बांद्याहून एकाच दिवशी सुटल्या
हे मला रजिस्टर जुळवताना कळलं.
तारीख दोनदा लिहायची होती, एवढंच.

अहवालाला तीन आठवडे लागले.
सतरांपैकी कोणता, ते कागद सांगत नाही,
खलात सगळे एकत्रच वाटतात.
तोवर ती घरी येऊन पेज पीत होती,
मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"माकडताप म्हणतत," ती म्हणाली,
"माकडाक ताप कोणी दिलो?"
माझ्याकडे पत्रक होतं, चार रंगांत छापलेलं.
त्यात याचं उत्तर नव्हतं.

आधी नारळ पाडतात म्हणून
ती वानरांवर फटाके लावायची.
आता पहाटे अंथरुणात पडून कान देते,
छपरावर उडी पडली की मग उठते.
काल दोन कौलं फुटली.
तिनं शिव्या घातल्या, मनापासून, शेजारची जागी होईपर्यंत.

फडक्यावर बोंडवाचे डाग पडलेत, ते धुवून जात नाहीत.
ऑफिस म्हणतं नवीन घ्या. बिल मंजूर होत नाही.
आज पुन्हा तिच्या बागेत पसरलं.
सुतळी माझ्या हातातून तिनं काढून घेतली.
तळव्यांना तेल होतं.
"हंयसून नको," म्हणाली.
"तो थंय पडलेलो."