खळ

रात्री साडेनऊला गिरासे रावसाहेबांनी बोलावलं.
टेबलावर एकवीस कागद, झेरॉक्सची ऊब अजून न गेलेले.
"पाणीपुरवठ्याची सगळी माणसं. सकाळी सहाच्या आत.
घेतला नाही तर दारावर चिकटव. फोटो काढ.
फोटोत घर नंबर दिसला पाहिजे."

मी चहाच्या पातेल्यात मैद्याची खळ शिजवली.
बादली, कुंचा आणि झोपू न शकणारं पारोळं.
मे महिन्यात इथल्या भिंती रात्रीही
नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारख्या.
खळ लागता लागता सुकते, कागद कडेने उठतो,
सरकारचा शब्द तळव्याने दाबून धरावा लागतो.

संपाचा सहावा दिवस. नळ अकरा दिवस कोरडा.
बायकांनी हंडे आडवे करून ठेवलेत,
उभा हंडा म्हणे उगाच वाट बघायला लावतो.

कागद सुरू होतो ज्याअर्थीपासून.
त्याअर्थीपर्यंत पोचायला मला दोन गल्ल्या लागल्या.
मध्ये लोकहितास्तव, मध्ये मनाई,
आणि खाली, जिथे वाचणारा दमतो तिथे,
वॉरंटाशिवाय अटक.

सातवा कागद हिलाल मिस्तरीच्या नावाचा.
तो गेल्या दिवाळीत वारला.
पोराने सही करून घेतला. म्हणाला,
बापाला कळवतो, तिकडच्या पाण्याचं काय, तेही विचारतो.

नवव्या दाराशी मागे वळून पाहिलं
तर आठव्या दारावरचा आदेश गाय चाटत होती.
खळ तिला गोड लागली असावी.
शासनाची मोहोर तेवढी उरली. तिचा फोटो काढला.

सुपडू महाजन ओट्यावर जागाच होता.
खाटेखाली चावी, साडेचार फुटांची, लोखंडी,
जी फिरवली की अर्ध्या गावाची सकाळ होते.
"बस भो. काय लिखेल शे, वाच."
वाचलं.
"आखो एकदाव वाच. तो शब्द."
अत्यावश्यक, मी म्हणालो.
"मी?"
तुम्ही. तुमची सेवा. तुम्ही म्हणजे सेवाच.

त्याने कागद हातात घेतला, उलटा, मग सुलटा.
एकोणीस वर्षं मस्टरवर त्याचं नाव पेन्सिलीने आहे,
महिनाअखेरीला खोडता यावं म्हणून.
इथे छापलेलं. पडूचा डूही दीर्घ, बरोबर.

"याच्यावर कायम करतील का?"
नाही.
"मागचे चार पगार?"
तसं लिहिलेलं नाही.
"मग माले काय भेटी?"
मी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

तो हसला. खोकला लागेपर्यंत हसला.
आतून वेणूबाई पाणी घेऊन आली,
अर्धा तांब्या, अकराव्या दिवसाचं पाणी.
नको म्हणायला हवं होतं.
मी प्यालो.

"दारावर नको लावू," ती म्हणाली, "बाहेर गाय शे."
मग आत लावला, देव्हाऱ्याच्या बाजूला,
लाइट बिलाच्या खिळ्याखाली.
चारी कोपरे तिनेच दाबले.
फोटोसाठी तिने डोक्यावर पदर घेतला, सुपडूने टोपी.
लग्नानंतरचा दुसरा, म्हणे.
घर नंबर आला नाही.
रावसाहेबांनी तो फोटो ग्राह्य धरला नाही.

पाणी चौथ्या दिवशी आलं, पहाटे, गढूळ.
चावी कोणी फिरवली ते मी विचारलं नाही.

पण त्या रात्री एकवीस दारं संपवून
घरी आलो तेव्हा पाच वाजायला आले होते.
मीही कंत्राटीच. शिपाई, अकरा महिन्यांचा,
एक दिवस खंड, पुन्हा अकरा.
मोबाईलच्या उजेडात आधी
स्वतःचं दार बघितलं, वरपासून खालपर्यंत.
कोरं होतं.

बादलीत थोडी खळ उरली होती.