वर्सोव्याहून मढ : सागरी प्रवास

मी सहसा जात नाही.
पार्ल्यात सगळं मिळतं : दूध, दळण, दातांचे डॉक्टर,
आणि जे मिळत नाही
त्यावाचून माझं अडलेलं नाही.
तेहतीस वर्षं पाणीखात्यात होतो, बिलांच्या टेबलाशी.
पाणी मला ठाऊक आहे ते कागदावरचं,
हजार लिटरच्या हिशेबातलं.

पण मे महिन्यात हिने लोणचं घातलं
आणि एक बरणी निघाली मढच्या अनसूयाआत्यांकडे.
'कुरियरने पाठवू,' मी म्हणालो.
'लोणचं हाताने द्यायचं असतं,' ही म्हणाली.
हा नियम कुठल्या परिपत्रकात आहे
ते मी विचारलं नाही.

नकाशा पाहिला. वर्सोवा इकडे, मढ तिकडे,
मधे बोटाच्या पेराएवढं निळं.
निळ्याचा मी कधीच भरवसा धरलेला नाही.

पिशवीत घेतलं : आवळासुपारी, दोन लिंबं,
आधारकार्डाच्या तीन प्रती,
विम्याची पावती रबर लावून,
आणि स्वेटर. समुद्रावर वारा असतो म्हणे.
वरच्या मजल्यावरच्या आठल्येबाईंनी हातावर दही ठेवलं.
'परत कधी?'
'जेवायला,' ही म्हणाली.
माझ्या तोंडून ते निघत नव्हतं.

धक्क्याच्या बऱ्याच आधी सुकटीचा वास
पुढे येऊन भेटला, घरच्यासारखा.
तिकिटाच्या खिडकीत मी वाकलो :
'एक मढ. खालचा बर्थ असेल तर बघा.'
आतल्या मुलाने मान वर केली,
स्वेटरकडे पाहिलं,
मान खाली घातली.

होडीत चार स्कूटर, एक सायकल,
आणि आडवं निजवलेलं लोखंडी कपाट,
आरसा वर करून.
आरशात आभाळ होतं, एक घार होती,
आणि कडेला एक माणूस, बरणीला बिलगलेला.
त्याला कुठेतरी पाहिलंय असं वाटलं.

इंजिन खोकलं. मी डोळे मिटले
आणि आजोबांनी शिकवलेलं स्तोत्र सुरू केलं,
ते, जे डोक्यापासून एकेक अवयव
देवाच्या ताब्यात देत खाली येतं.
कपाळ झालं, कान झाले, खांदे झाले.
पोटापर्यंत मी सुरक्षित झालो होतो
तोच कुणीतरी खांदा हलवला.
टोपलीवाल्या मोतनबाय.
'डोले उघर रं दादा, मढ आला!'
'निघालो कधी?' मी विचारलं.
सगळी होडी हसली. कपाटसुद्धा
जरा खडखडलं.

आत्यांच्या दाराला कुलूप.
शेजारी निळू भंडारी लुंगीवर, दात घासत :
'त्या पार्ल्याला गेल्या की, सकाळीच.
लोणचं आणायला.
होडीची भीती वाटते त्यांना,
बसने गेल्यात, मालाडवरून.'

मी पायरीवर बसलो.
एक आवळासुपारी खाल्ली.
भाचाजावयापर्यंत हे दुखणं आलं कसं,
रक्ताचं नातं नसताना?

तेवढ्यात हिचा फोन :
'आत्या आल्यात. लोणचं कुठाय?'

परतताना डोळे उघडे ठेवले.
स्तोत्र सुरू करायला वेळच झाला नाही,
कारण एक बगळा खांबावर
एका पायावर उभा होता
आणि दुसरा पाय त्याने कुठे ठेवलाय
हे शोधण्यात अर्धी खाडी संपली.
उरलेली अर्धी मी पाहिली.
पाण्याला इतकं पाणी असतं,
बिलात कळत नाही.

आत्या जेवून, बरणी मांडीवर घेऊन,
रिक्षात बसल्या. बस लागते त्यांना,
पण होडीपेक्षा बरी.
'पाणी खोल आहे का रे?' त्यांनी हळूच विचारलं.
मी तज्ज्ञासारखा म्हणालो,
'कमरेच्या वरचं माहीत नाही.
डोळे मिटले होते.'

रात्री दिवा मालवल्यावर
राहिलेलं स्तोत्र पुरं केलं :
मांड्या, गुडघे, पावलं.
दिवसभर ती तशीच फिरत होती,
वाऱ्यावर.