आता येतलो

भरडावर माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान.
ग्रामोफोन माझ्या कामातला नव्हे,
पण स्प्रिंग ती स्प्रिंगच, म्हणून ठेवून घेतला
एर्मेलीन आल्मेदाचा पेटारा.
बिजागऱ्या खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेल्या,
भोंग्यात गांधीलमाशीचं घर.

सोबत एकच तबकडी, उशीच्या अभ्र्यात.
लेबलवर कुठल्याशा इंग्रजी नाटकाचं नाव,
निम्मं वाळवीनं वाचून टाकलेलं.
गाणारणीचं नाव ठसठशीत. खाली बारीक अक्षरात:
थिएटरच्या वाद्यवृंदासह.
"त्या 'सह'मदी माझो घोव असा," ती म्हणाली.

कैतान. बोटीवरच्या बँडात कॉर्नेट.
चोवीस साली बोट लंडनच्या गोदीत अडकली
आणि कुणा तापकऱ्याच्या जागी हा
तीन आठवडे नाटकाच्या खड्ड्यात बसला.
रंगमंच दिसलाच नाही म्हणे,
दिसले ते नाचणाऱ्या पोरींचे बूट.
ध्वनिमुद्रणाला सगळे एका कर्ण्यापुढे दाटीनं,
बाई कर्ण्यात तोंड घालून,
पितळी वाद्यं दांडगी, म्हणून पार मागे.
कैतान तर अर्धा दाराबाहेर.

सुया संपलेल्या. मुंबईहून येईतो कोण थांबतो?
करवंदीचा काटा तासला, बसवला, चावी दिली.

आधी खरखर,
ओहोटीला शिंपल्यांतून पाणी उतरतं तशी.
मग ती बाई. नाकातून, फार लांबून,
कुणाला तरी कुठंतरी चल म्हणत असावी.
माझं इंग्रजी मनीऑर्डरच्या फॉर्मापुरतं.
एर्मेलीननं बोट वर केलं.
"थांब. आता येतलो."

चार सूर.
पोस्टमननं वळणावर घंटी मारावी, एवढेच.
पुन्हा बाई.
"आयाकलंस?"
हो म्हणालो. ते कॉर्नेट होतं की आणखी काही,
मला काय कळणार.

आमच्याकडच्या जुन्या तबकड्यांत
गाणं संपता संपता गवई ओरडून आपलं नाव सांगत,
कारखान्यात लेबल चुकू नये म्हणून.
पेटीवाल्याचं कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

दुसऱ्यांदा लावताना माझा हात घसरला.
माझा. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणारा.
काटा बाईच्या आवाजावरून आडवा गेला,
आणि नेमका तिथंच अडकू लागला:
चार सूर, टक्.
चार सूर, टक्.
मी उचलायला धावलो.
"ऱ्हवांदे."

नाटकात हिराबागेच्या प्रवेशाला
माझ्या काकानं एका रात्री सात वन्समोअर मोजले होते.
मी किती मोजले, सांगत नाही.
स्प्रिंग उतरत गेली,
सूर जाडावले, खाली खाली गेले,
शेवटी तर बंदरात न शिरता
बाहेरच नांगरलेल्या आगबोटीच्या भोंग्यासारखे.
पडाव आल्याशिवाय उतरता येत नाही, तसे.

दुरुस्तीचे पैसे मी घेतले नाहीत.
ओरखड्याबद्दल काही बोलावं, तर ती उठेचना.
"चावी दी," म्हणाली.